पंधरा की पन्नास?

(बार्शीटाकळी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी उच्चारांचा वर्ग काढला तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "बायांना काय मडम व्हायचं आहे?" मी त्यांना पापडाची गोष्ट सांगितली.

आमच्या एका गटाकडून बंगळूरच्या दुकानदाराने पापड मागवले. त्याला ना मराठी येत होती, ना हिंदी. आमच्या बाईने फोनवर 'फिफ्टीन किलो' देऊ म्हणून सांगितलं. त्याने 'फिफ्टी' ऐकलं. पंधराच किलो पोचले, त्याने पैसे अडकवले. बोलणी बाईला बसली. तेव्हापासून फोनवर एकीचा मुलगा बोलतो. पापड आम्ही लाटतो, भाव तो ठरवतो.

आता चूक कुठे झाली? मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र त्या जोरावरूनच शब्द ओळखतो. 'फिफ्टी'त जोर आधीच्या 'फिफ्'वर. 'फिफ्टीन'मध्ये तो 'टीन'वर द्यायचा, आणि 'टीन' चांगलं लांबवायचं. आम्ही टाळ्या वाजवून हे घोकलं. तेरा-तीस, चौदा-चाळीस, सगळ्या जोड्यांना हेच लागू. शिवाय आकडा पुन्हा सुटा सांगायचा: 'वन फाइव्ह'. विमान चालवणारेही तसंच सांगतात, त्यात कमीपणा नाही.

आपला 'व' एक, त्यांचे दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. हे शिकवते, पण जमलं नाही तर अडून बसत नाही. आपण 'शाळे'ला 'शाया' म्हणतो म्हणून पुण्यात हसू झालंच आहे. आता साहेबी ढबीसाठी पुन्हा कशाला? मन्रो आणि डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1995 सालीच दाखवून दिलं की, ढब परकी असली तरी बोललेलं नीट कळू शकतं. कॉल सेंटरांत ढबीबरोबर मुलींची नावंही बदलली जात. ते शिक्षण गिऱ्हाइकाच्या सोयीचं.

पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष दिली ती मराठीत. इंग्रजी दुसऱ्याने केलं. पुढे पंचविशीत त्या इंग्लंडला गेल्या, इंग्रजी पक्कं केलं, आणि 1886 पासून अमेरिकेत व्याख्यानं देत फिरल्या. विधवांच्या शाळेसाठी त्यांनी पैसा उभा केला तो स्वतः बोलून.

वर्ग मंगळवारी, स्वयंपाक आटोपल्यावर. फोन घेऊन या. मुलाकडे असेल तर मागून आणा.