तरोटा ओळखा, कासविंदा उपटा

आज आपल्या शिवारातल्या तीन पिवळ्या फुलांच्या झाडांबद्दल बोलू या. तरवड, तरोटा आणि कासविंदा. तिघंही एकाच कुळातली, सख्ख्या बहिणींसारखी. वनस्पतीशास्त्रात यांच्या प्रजातीला 'सेना' म्हणतात. तिघींना पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. पण गुण मात्र वेगळे, म्हणून ओळख पक्की हवी.

पहिला तरवड. हे आपल्या देशाचंच झुडूप. माळावर, कोरड्या मुरमाड जमिनीत उभं राहतं. एका देठावर बारीक पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. याची साल पूर्वीपासून कातडं कमावायला वापरतात. शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा सणाला बाया हीच फुलं रचतात, आणि तेच त्या राज्याचं फूलही आहे.

दुसरा तरोटा. काही भागांत याला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतर कारंज्याच्या आसपास धुऱ्यावर, रस्त्याकडेला उगवतो. कोवळ्या पानांची भाजी आपण कांदा-लसूण घालून करतो. खूण सोपी आहे: एका देठावर पानांच्या तीनच जोड्या, म्हणजे सहा पानं. पानाचं टोक गोलसर. शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकडी.

तिसरा कासविंदा, कुठे कासोदा. हा अमेरिकेतून आलेला पाहुणा. उकिरड्यावर, घरामागे, पडीक जागेत वाढतो. पानांच्या साधारण चार ते सहा जोड्या, आणि प्रत्येक पानाचं टोक अणकुचीदार. चुरगळलं की उग्र वास येतो. शेंग चपटी, मधे तपकिरी, कडा फिक्या.

मैत्रिणींनो, जीव धोक्यात येतो तो इथे. उत्तर प्रदेशात बिजनोरच्या बाजूला पावसाळा सरला की लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत. बरेच दिवस तो मेंदूज्वर समजला गेला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आजारी मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाचा मार यकृतावर, स्नायूंवर आणि मेंदूवर बसतो. त्यावर नेमका उतारा नाही.

आधी उलट्या होतात. मग मूल चिडचिडं होतं, वेड्यासारखं वागतं, गुंगीत जातं. ताप नसतो किंवा थोडासाच असतो. म्हणून कुणी बाहेरची बाधा म्हणेल. तिकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, रुग्णालय गाठा, आणि सोबत त्या झाडाची फांदी, शेंग घेऊन जा. मुलानं काय खाल्लं ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

त्याआधीचं काम आपल्या हातात आहे. भाजी खुडताना जोड्या मोजा. तीन असतील तर टोपलीत, जास्त असतील तर बाजूला. शंका आली तर राहू द्या, एका दिवसाची भाजी गेली तरी चालेल. अंगणवाडी, शाळा, घराच्या मागची जागा बचत गटानं मिळून फिरून बघा. फूल दिसलं की, शेंग धरायच्या आत कासविंदा मुळासकट उपटा. शेंगा धरल्या असतील तर त्या खुडून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा खोल खड्ड्यात पुरा.

तरवड मात्र तोडू नका. तो आपला आहे, माळाचं सोनं आहे. आणि हो, मुलांनाही शिकवा: रानातली शेंग आईला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही.