तारेची जबाबदारी कोणाची?



दात सरळ करणारे आणि हिरड्या सांभाळणारे आज एकाच सभागृहात बसले आहेत. म्हणून मी एकच विषय घेतो: खालच्या पटाशीच्या दातांमागे आपण चिकटवतो ती तार.

ती लागते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ब्रेसेस काढल्यावर हाड काही महिन्यांत जुळवून घेतं, पण हिरडीतले ताणलेले तंतू त्यानंतरही कितीतरी काळ दाताला मागे ओढतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल आणि रीडल यांनी उपदाढा काढून उपचार केलेले रुग्ण, दात जागेवर धरणारा रिटेनर थांबवल्यानंतर १० वर्षांनी तपासले. खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेले ३० टक्केसुद्धा नव्हते. हे निष्कर्ष १९८१ चे आहेत आणि त्यांनी आपल्या सगळ्या शाखेची झोप उडवली.

माझी काळजी तार लावल्यानंतरच्या वर्षांची आहे. जाड तार फक्त दोन सुळ्यांना चिकटवली असेल, तर एक टोक सुटताच जीभ सांगते आणि रुग्ण धावत येतो. पिळाची बारीक तार पुढच्या सहाही दातांना धरते, रांग अधिक नीट राखते. पण तिला चिकटवणारा कंपोझिटचा एक ठिपका सुटला, तर बाकीचे पाच तिला जागच्या जागी ठेवतात. कोणालाच कळत नाही. सुटलेल्या कंपोझिटखाली अन्न अडकतं, दात किडतो, हळूहळू फिरतो.

याहून घातक प्रकार म्हणजे काहीही न सुटता होणारी हालचाल. तार शाबूत, सगळे ठिपके घट्ट, आणि तरी एका दाताचं मूळ ओठाच्या बाजूला हाडाबाहेर ढकललं गेलेलं, त्यावरची हिरडी उतरलेली. चेक संशोधक कुचेरा आणि मारेक यांना ३,५०० रुग्णांत अशा अनपेक्षित हालचाली १.१ टक्क्यांत आढळल्या. टक्का छोटा आहे, पण महाराष्ट्रात दर वर्षी किती तारा चिकटवल्या जातात, याचा विचार करा.

हिरड्यांबद्दल पुरावे एका सुरात बोलत नाहीत. बूथ, एडलमन आणि प्रॉफिट यांनी २० वर्षांनंतर पाहिलेल्या रुग्णांत तारेमुळे हिरड्या बिघडल्याचं दिसलं नाही. पँडिस आणि सहकाऱ्यांना मात्र ९ ते ११ वर्षं तार असलेल्यांत कीटण, हिरडी उतरणं आणि दात-हिरडीमधल्या कप्प्यांची खोली जास्त आढळली. मला दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं या दातांमागेच उघडतात, त्यामुळे कीटण सर्वांत आधी तिथेच साचतं. मग ते कोण काढतं आणि किती नियमित, यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि नियमित देखभालीची नेमकी हीच साखळी आपल्याकडे तुटते. लातूर-कोल्हापूरची मुलगी पंधराव्या वर्षी ब्रेसेस लावते, अठराव्या वर्षी पुण्याला जाते, मग बंगळुरू, कदाचित परदेश. तिथला डॉक्टर स्केलिंग करताना तार बघतो आणि हात लावायला कचरतो. कोणती तार, कधी लावली, त्या दिवशी हिरडी कुठे होती, त्याला काहीच ठाऊक नसतं. ‘आता ही कायमची’ एवढंच आपण तिला सांगून पाठवलेलं असतं. दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश अनेक तालुक्यांच्या औषध दुकानांत मिळत नाही. तो आपल्याच दवाखान्यातून द्यायला हवा, वापरून दाखवायला हवा.

हिरड्यांच्या डॉक्टरांना माझी विनंती स्पष्ट आहे. एकाच दाताची हिरडी उतरताना दिसली आणि मूळ वाकडं वाटलं, तर हिरडीचं कलम करण्याआधी तार काढा, आम्हाला फोन करा. मूळ हाडात परत आणल्याशिवाय कलमाला आधार कसला?

बाहेर नोंदणीच्या टेबलावर एका साध्या कार्डाचा मसुदा ठेवला आहे: तारेचा प्रकार, दात, तारीख, हिरडीची मोजमापं, एक छायाचित्र. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. मोजमापांचा रकाना हिरड्यांच्या डॉक्टरांनी आधी वाचावा आणि त्यात काय राहिलं आहे, ते तिथेच सांगावं.