ठरावाआधी हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षं झाली. गळतीच्या जोडीला आता पुनर्विकासाची चर्चाही जिन्यात सुरू झाली आहे. म्हणून आज थोडं हिशेबाचं बोलतो. बँकेची सवय, दुसरं काय!

अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६९ साली 'अर्बन डायनॅमिक्स' हे पुस्तक लिहिलं. घरं, उद्योग, माणसं असं एक शहर त्यांनी कॉम्प्युटरवर मांडलं आणि २५० वर्षं चालवून पाहिलं. उत्तर अनपेक्षित आलं. नुसती स्वस्त घरं बांधत गेलं, तर उद्योगांची जागा अडते आणि गरिबांचेच हाल वाढतात! टीकाही खूप झाली. भोवतालची उपनगरं हिशेबात धरलीच नाहीत, असा आक्षेप आला. थोडक्यात, आपण जे गृहीत धरू, त्याचंच उत्तर यंत्र देतं.

आपल्याकडे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूंना आधार मिळाला. पण दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडं तिथंच राहिलं. इमारती खचू लागल्या आणि १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. वीस वर्षांचा तक्ता आधी मांडला असता, तर ही दरी कागदावरच दिसली असती.

आता आपलं. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर तो २४ वर्षांत चौपट होतो. फंडावर तेवढंच व्याज धरलं, तरी आजच्या बांधकाम खर्चाच्या साडेतीन टक्क्यांपर्यंतही रक्कम पोचत नाही.

म्हणून सुचवतो, कुठलाही मोठा ठराव आणण्याआधी एक्सेलमध्ये तो तीन-चार तऱ्हांनी चालवून पाहा. महागाई ६ ऐवजी १० टक्के झाली तर? बिल्डरनं भाडं देणं मध्येच थांबवलं तर? नव्या इमारतीचा मेंटेनन्स पेन्शनवर जगणाऱ्याला झेपेल का? त्याच्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना हवाच. आपली नातवंडं हे काम एका रविवारी करतील. काय गृहीत धरायचं, ते मात्र आपण सर्वांनी बसून ठरवावं.

हात वर करायचा तो सभेतच. फक्त डोळे उघडे ठेवून करू या.