सहधर्मचारिणीस डाव शिकविताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्या भाषणाचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल. ज्ञातीच्या व्यासपीठावर विद्या, विवाह व व्यवसाय यांचा विचार व्हावा. तेथे पत्त्यांचे काय काम? परंतु नवविवाहितांच्या घरी आमचे जाणेयेणे असल्यामुळे एक प्रश्न वारंवार आमच्या कानी पडतो. मुलगा पुण्या-मुंबईस शिकावयास असता एक नव्या तऱ्हेचा पत्त्यांचा खेळ शिकून आला. सुनेस त्याची गंधवार्ताही नाही. तिला तो शिकवावा कसा? प्रश्न दिसावयास लहान खरा, पण संसाराचे एक मर्म त्यात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून निराळा झालेला गडचिरोली, हे आपले अरण्याचे जिल्हे. नोकरीच्या निमित्ताने आपली कित्येक जोडपी आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा अशा दूरच्या ठिकाणी बिऱ्हाड करतात. पर्लकोटेस पूर आला की भामरागडची वाट बंद पडते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यातील लांबलचक रात्री घरातच काढाव्या लागतात. अशा वेळी पती एका कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतो, पत्नी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि उभयतांचे बोलणे मीठमिरचीपुरते उरते. त्याच मोबाईलवर पैसे लावून डाव खेळण्याच्या नादाने किती घरे कर्जात बुडाली! अखेर २०२५ साली केंद्र सरकारला पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा करावा लागला. कायद्याने दार लावता येते. पण रिकामी संध्याकाळ भरून काढणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

पत्ते म्हणजे जुगार, हा समज मात्र सोडून द्यावा. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे पूर्वी मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय देताना, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असे सांगितले. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. कोणते पान राखावे व कोणते टाकावे याचा विवेक करावा लागतो. स्मरण आणि विवेक हे गुण संसारासही उपकारकच आहेत.

आता हा नवा खेळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पाने विकत घ्यावयाची, एकमेकांत अदलाबदल करावयाची आणि त्यांतून निदान ६० पानांचा स्वतःचा कॅट जुळवावयाचा. प्रत्येकास आरंभी २० प्राण व हाती ७ पाने; ज्याचे प्राण शून्यावर आले तो हरला. मैदान, बेट, दलदल, डोंगर व अरण्य अशी पाच प्रकारची मूळ भूमिपाने असतात. ६० पैकी सुमारे २४ पाने भूमीचीच ठेवण्याचा प्रघात आहे. भूमीवाचून शक्ती नाही, आणि शक्तीवाचून इतर पान खेळता येत नाही. अरण्याच्या पानातून हिरवी शक्ती मिळते, हे आपल्याकडच्या सुनेस समजावून सांगण्याची गरज पडू नये!

आपल्या मेंढीकोटाहून हा खेळ एका मोठ्या बाबतीत वेगळा आहे. मेंढीकोटात बावन्न पाने चौघांत सारखी वाटली जातात. चार दश्श्या कोणाच्या हाती येतील ते दैवाधीन. येथे प्रत्येकजण आपापला कॅट घेऊन बसतो. म्हणजे ज्याच्यापाशी अधिक वर्षांचा अनुभव व अधिक मोलाची पाने, त्याचा वरचष्मा पहिले पान पडण्यापूर्वीच ठरलेला असतो. पती स्वतःचा निवडक कॅट घेतो, उरलीसुरली पाने पत्नीपुढे सारतो, आणि ती तीनदा हरली की म्हणतो, “हिला यात गोडी नाही.” गोडी नसते असे नव्हे; न्याय नसतो.

म्हणून पहिला नियम असा, की शिकविणाऱ्याने साधे व तुल्यबळ असे दोन कॅट तयार करावेत आणि डाव संपताच त्यांची अदलाबदल करावी. मग हार पानांमुळे झाली की खेळामुळे, हे शिकणारीस आपोआप कळते. आरंभीचे दोन-तीन डाव उघड्या पानांनी खेळावेत. त्यानंतर मात्र तिच्या पानांस हात लावू नये. “हे नको, ते टाक” असे सांगणारा खेळ शिकवीत नाही. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत असतो. विचारले तर सांगावे; न विचारता सांगू नये. दया म्हणून हरूही नये. ती लबाडी चतुर स्त्रीच्या तेव्हाच ध्यानी येते. पानांची अदलाबदल करताना कोणते पान दुर्मिळ व किती मोलाचे, हे आधी सांगावे. नवीन पानांवर किती खर्च करावयाचा तेही दोघांनी मिळून ठरवावे. आणि चारचौघांत तिच्या चुका काढू नयेत.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व न्यायमूर्ती रानडे यांच्या घरच्या इतिहासातून दिसते. १८७३ साली विवाह झाल्यावर त्यांनी रमाबाईंस अक्षरओळखीपासून शिकविले. त्यासाठी घरच्या बायकांची किती बोलणी त्या माउलीस सोसावी लागली, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रानडे १९०१ साली निवर्तले; पुण्याचे सेवासदन निघाले ते १९०९ साली. पतीच्या पश्चात रमाबाईंनी स्वतःच्या बुद्धीने ती संस्था चालविली. शिक्षणाची हीच कसोटी होय: शिकणाऱ्याने शिकविणाऱ्यावाचून चालू लागावे.

विद्येची गोष्ट मोठी, डावाची लहान. पण कसोटी एकच. ज्या दिवशी पत्नी आपल्या मनाने कॅट जुळवील, पतीने कधी न दाखविलेली खेळी करील आणि त्याचे वीस प्राण निःशंकपणे हरण करील, त्या दिवशी त्याची शिकवणी पुरी झाली असे समजावे. हरलेल्या पतीने त्या वेळी खळखळून हसावे, हेही शिक्षणाचेच अंग आहे. आणि जेथे सून हा खेळ माहेराहून शिकून आली असेल, तेथे मुलाने शिष्य व्हावे, नियम तेच. एखादीस खेळ मुळीच रुचला नाही, तर तो आग्रह सोडून तिच्या आवडीची गोष्ट तिच्याकडून शिकून घ्यावी.

घरात एक मालक व एक प्रेक्षक असून भागत नाही. दोन खेळाडू हवेत. येत्या पावसाळ्यात आपल्या घरोघरी समोरासमोर दोन आसने मांडली जावोत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.