तळ्यातली लाल अळी

तळ्याच्या काठी संध्याकाळी चिलटांचे थवे घोंघावू लागले की कुणीतरी पाण्यात डोकावतं. गाळात लाल अळ्या वळवळताना दिसतात. मग 'डास झाले' असा बोभाटा होतो आणि पाण्यात रॉकेल नाहीतर औषध ओतलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या लाल अळ्या डासांच्या नसतातच. त्या कायरोनोमिड नावाच्या, न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. या चिलटांना रक्त शोषायची सोंड नसते.

ओळखायचं कसं? तळाचा ओंजळभर गाळ बारीक जाळीच्या गाळणीत धुऊन घ्या, पांढऱ्या थाळीत थोडं पाणी घालून त्यात सोडा आणि हातात भिंग घ्या. रंगावर भिस्त ठेवू नका. आधी डोकं शोधा. कायरोनोमिड अळीला कठीण कवचाचं, स्पष्ट वेगळं दिसणारं डोकं असतं. डोक्यामागे छातीचे 3 आणि पोटाचे 9 खंड. आता पाय पाहा. छातीच्या पहिल्या खंडाखाली आखूड, मांसल पायांची एक जोडी आणि शरीराच्या अगदी शेवटी दुसरी. या दोन जोड्या दिसल्या की ओळख बहुतेक पक्की झाली.

डासाच्या अळीला असे पाय नसतात. तिची छाती फुगीर असते आणि हवा घ्यायला ती पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. मत्स्यपालनाचा छंद असणाऱ्यांच्या ओळखीचा ट्यूबिफेक्सही लालच असतो आणि गाळातच राहतो, पण तो गांडुळाचा भाऊबंद. त्याला ना कवचाचं डोकं, ना पाय.

लाल रंग येतो हिमोग्लोबिनमुळे. हो, आपल्या रक्तात असतं तेच, कीटकांमध्ये मात्र दुर्मिळ. कुजणाऱ्या गाळात प्राणवायू अगदी कमी असतो, तिथे कायरोनोमस वंशाच्या अळ्या याच्या बळावर तग धरतात. लाळेतल्या रेशमाने गाळाचे कण जोडून त्या नळी बांधतात, आत राहून अंग हलवत ताजं पाणी खेळवतात. पण सगळ्याच कायरोनोमिड अळ्या लाल नसतात. कितीतरी हिरवट, पिवळसर किंवा पांढुरक्या असतात, म्हणून रंगावर विसंबू नका असं म्हटलं.

याच्या पुढची पायरी डोळ्यांची. टॅनिपोडिनी उपकुळातल्या अळ्या नळी न बांधता मोकळ्या हिंडून शिकार करतात; त्यांच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला मूत्रपिंडाच्या आकाराचा एकच काळा ठिपका असतो. कायरोनोमिनी उपकुळात दोन ठिपके, एकावर एक. एवढं चांगल्या भिंगाखाली जमतं. वंश ठरवायचा तर डोकं कापून, कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करून, खालची बाजू वर ठेवून काचपट्टीवर बसवावं लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हनुवटीच्या पट्टीवरचे दात मोजावे लागतात. हे काम चिकाटीचं आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहून जातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? एक तर या अळ्या सेंद्रिय कण आणि शेवाळ खातात आणि स्वतः मासे, चतुरांच्या अळ्या, पाणपक्षी यांचं अन्न होतात. दुसरं, तळ्यात नाना जातींच्या अळ्या सापडतात की लाल कायरोनोमसचीच गर्दी आहे, यावरून पाण्याची तब्येत कळते. नुसती लाल गर्दी बहुधा सांडपाण्याची खूण असते. अशा वेळी अळी मारून काही साधत नाही, सांडपाणी अडवावं लागतं. विज्ञानावरही हिचे उपकार आहेत: 1881 साली शास्त्रज्ञ बाल्बियानी यांनी महाकाय गुणसूत्रं प्रथम पाहिली, ती याच अळीच्या लाळग्रंथींत.

तेव्हा पाण्यात काहीही ओतण्याआधी थाळी आणि भिंग घेऊन बसा. डासांच्या अळ्या निघाल्या तर घरचा हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून कोरडा करा. लाल अळ्या निघाल्या तर तळ्यात येणारं सांडपाणी कुठून येतं ते शोधा, आणि ग्रामपंचायतीकडे त्याची तक्रार जरूर करा.