मुक्या पट्ट्यांचें वाद्य

काष्ठतरंगासारखें दिसणारें, तीन सप्तकांचें 'मॅलेटकॅट' हें विद्युत्-वाद्य स्वतः मुकें आहे. (ध्वनियंत्र पोटांत असलेला प्रकार अर्थात् निराळा.) रबरी पट्टीवर काठी पडतांच तें मुख्यतः दोन आंकडे धाडतें : स्वर कोणता आणि जोर किती. १९८३ सालच्या 'मिडी' संकेतांत मध्य 'सी' म्हणजे ६०. जोराची परमावधि १२७. नाद उमटतो तो जोडलेल्या दुसऱ्या यंत्रांतून. यास्तव तारा जोडल्याबरोबर गत वाजवूं लागूं नये; वाजविणाऱ्याच्याच हातानें हलके व जड आघात करून जोराचें प्रमाण आधीं बसवावें. एरवीं मुलाचा हळुवार आघात यंत्राला जाणवतच नाहीं, आणि घरचीं माणसें त्याच्या हाताला नांवें ठेवतात! हेडफोन लावल्यास रात्रींहि अभ्यास चालतो. शेजाऱ्यांस रबरावरची टपटप तेवढी ऐकूं येते.