शेवटचा गडी बाद होईपर्यंत



लंडनमधल्या याच रविवारच्या मराठी शाळेत मी बाराखडी गिरवली. भाड्याचा हॉल, घडीच्या खुर्च्या आणि मध्यंतरात डब्यांतून निघणारा चिवडा. आज पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बाई, जीभ नीट वळून ‘ळ’ उमटेपर्यंत पुढचं अक्षर शिकवत नसत. बाई, तुमच्यासमोर उभी राहून बोलताना आजही माझी पाठ आपोआप ताठ होते.

क्रीडाक्षेत्रातल्या संधींवर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या कामासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. बाकीचं ज्यांना हवं असेल त्यांना मी नंतर सविस्तर सांगेन. आत्ता मला एका सामन्याबद्दल बोलायचं आहे.

९ जून २०२४. स्ट्रॅटफर्डचं लंडन स्टेडियम, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. अमेरिकेतल्या मेजर लीगचे दोन बेसबॉल संघ तिथे खेळत होते, न्यूयॉर्क मेट्स आणि फिलाडेल्फिया फिलीज. फिलीज त्या मोसमात जबरदस्त भरात होते आणि आदल्या दिवशी ७-२ ने जिंकले होते. मेट्सच्या खात्यात तोवर विजयांपेक्षा पराभव जास्त होते. आठ इनिंग संपल्या तेव्हा फिलीज ४-३ ने पुढे होते. माझ्या आजूबाजूचे काही जण ट्रेनची गर्दी चुकवायला उठले.

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये मेट्सने तीन धावा काढल्या. ६-४. मग फिलीजची पाळी. त्यांनी तिन्ही बेस भरले, एक धाव मिळवली. ६-५, एक जण बाद. निक कॅस्टेयानोसच्या बॅटला लागलेला चेंडू होम प्लेटसमोरच घुटमळला. कॅचर लुईस टोरेन्सने तो उचलला, प्लेटवर पाय ठेवून एकाला बाद केलं, आणि लगेच पहिल्या बेसकडे फेकून दुसऱ्यालाही. तिघे बाद, सामना संपला: मेट्स जिंकले. टोरेन्सला मेट्समध्ये येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते.

बेसबॉलचा सामना घड्याळ पाहून संपत नाही. फुटबॉलमध्ये आघाडी घेतली की वेळ काढता येतो. इथे समोरच्याचे सत्तावीस गडी बाद करावेच लागतात. सव्वीस बाद करूनही सामना हातचा जाऊ शकतो. त्याच मेट्सने ऑक्टोबरमध्ये बाद फेरीत त्याच फिलीजना हरवून बाहेर काढलं. जूनमध्ये त्यांच्यावर फुली मारणारे तेव्हा कुठे होते?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मध्येच उठू नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले खेळाडू माझ्याकडे येतात. दुखणं कमी झालं की व्यायाम सोडावासा वाटतो, आणि खरी ताकद तर त्यानंतरच्या कंटाळवाण्या महिन्यांत येते. जे टिकतात, तेच मैदानावर परततात.

मागच्या रांगेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. गुजराती, पंजाबी, उर्दूची जीसीएसई परीक्षा देता येते, मराठीची नाही. म्हणून शाळेचं दहावं-अकरावं वर्ष आलं की, ‘याचे मार्क कुठे मिळणार?’ असं म्हणत मुलं इथून गळतात. आजीशी फोनवर मनातलं बोलता येणं, तिचं पत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचता येणं, याचं प्रमाणपत्र कुठलंच बोर्ड देत नाही. ते बोलणं-वाचणं फक्त शेवटपर्यंत थांबणाऱ्यालाच जमतं.

आणि पालकहो, मुलं थांबावीत असं वाटत असेल तर आधी तुम्ही थांबा. रविवारी सकाळी थंडीपावसात त्यांना इथे आणणं तुमच्याच हातात आहे. माझ्या आईने ते केलं, म्हणून मी आज इथे मराठीत बोलते आहे.

पुढच्या वर्षाची नावनोंदणी आज दाराशी सुरू आहे. मोठ्या वर्गाची यादी सगळ्यात लहान आहे. मुलांनो, त्या यादीत नाव घालूनच घरी जा.